देवीच्या दिव्याची तार

मी, तुळजाजी हंबीरराव गाडेराव, धंदा मोटारींच्या विजेची दुरुस्ती, राहणार चिंताद्रिपेट, मद्रास, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा हात तेवढा गेल्या दिवाळीत अर्धांगाने गेला. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. भीती मात्र आहे, आणि ती कशाची ते पुढे येईलच.

हात चालत नसल्यामुळे मी सांगतो आहे आणि शेजारचे वसंतराव पेंढारकर लिहून घेत आहेत. ते पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात कारकून आहेत आणि पुण्याहून बदली होऊन आले आहेत. वकिलाने इंग्रजीत लिहून देतो म्हटले होते. मी नको म्हटले. आमच्या घरात लाड, राग आणि वाटण्या आजवर मराठीतच झाल्या, ही शेवटची वाटणीही मराठीतच होऊ दे. आमची तंजावरची मराठी ऐकून वसंतरावांना हसू येते, त्यांची ऐकून मला येते. कागदावर त्यांची चालेल. पण जिथे माझ्या माणसांचे बोलणे येईल तिथे ते सुधारू नये, असे मी त्यांना बजावले आहे.

माझ्यामागे हा कागद घरातल्या पुढच्या खोलीत सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचावा. माझ्या मुलाला, चिरंजीव राजगोपाल याला, मराठी बोलता येते, वाचता येत नाही, म्हणून वसंतरावांनी वाचावे. मधेच कोणी उठू नये. राजगोपालने तर मुळीच उठू नये. तो बापाचे बोलणे अर्ध्यावर टाकून बाहेर जातो, ही त्याची जुनी खोड आहे.

कलम पहिले. घर.

चिंताद्रिपेटेतले हे घर मी स्वतःच्या कमाईने घेतले. ते माझी पत्नी सौभाग्यवती अलमेलू हिच्याकडे ती असेपर्यंत राहील. तिच्यानंतर राजगोपाल आणि मुलगी कनका यांनी ते निम्मे निम्मे घ्यावे. तंजावरच्या घराचा विषय काढू नये. ते धाकटा भाऊ सत्यनारायण याने मी लष्कराच्या वर्कशॉपात नोकरीला असताना आपल्या नावावर करून घेतले, अंगणातल्या विहिरीसकट. त्याने माझ्या तेराव्याला यावे, पोटभर जेवावे, पुढच्या रांगेत बसावे. त्याच्या डोळ्यांत पाणी आले तर कोणी शंका घेऊ नये, त्याला लहानपणापासून हवे तेव्हा रडता येते.

पण आजोबांची तलवार त्याला देऊ नये. तिच्यावर त्याचा केव्हापासून डोळा आहे. आयुधपूजेला आम्ही ती पान्यांच्या आणि हातोड्यांच्या मधोमध ठेवतो. ती कनकाने सेलमला घेऊन जावी. जावईबापूंना सुपारीही दुसऱ्याने कातरून द्यावी लागते, तेव्हा त्यांच्या घरी तलवार सुरक्षित राहील.

कलम दुसरे. शिल्लक.

पोस्टात जे काही आहे ते अलमेलूचे. यावर मला जास्त काही सांगायचे नाही. दागिने तिचेच आहेत, ते माझ्या मृत्युपत्रात घालण्याचा मला अधिकार नाही, असे तिने आतल्या खोलीतून आत्ताच ऐकवले आहे.

कलम तिसरे. हत्यारे.

पुदुपेटेतल्या माझ्या शेडमधली सगळी हत्यारे, आर्मेचर गुंडाळायची फिरकी, टेस्ट लॅम्प, तारांना डाख द्यायची इस्त्री, भिंतीवरच्या पान्यांचा संच, हे सगळे राजगोपालचे. त्यातून एक पक्कड वगळली आहे. तिच्याविषयी शेवटी लिहीन.

शेडमध्ये खुंटीला जाड तांब्याच्या केबलचे एक नवे वेटोळे टांगलेले आहे. त्याच्याबरोबर फ्यूजची एक पेटी आहे, पितळी, झाकणासकट. ही केबल आणि ही पेटीही राजगोपालचीच. ती विकू नयेत, दुसऱ्याच्या गाडीला वापरू नयेत. ती कशासाठी आणली हे त्याला पक्के ठाऊक आहे, पण बाकीच्यांना ठाऊक नसेल. म्हणून पुढचे कलम लांब होणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

कलम चौथे. लॉरी.

लॉरी माझ्या नावावर आहे, किल्ली राजगोपालकडे आहे. सगळा घोळ या एका वाक्यात आला.

ती महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात मी घेतली. जुनी, पण हाडापेराने मजबूत. पेट्रोलवर चालते आणि तिची टाकी ड्रायव्हरच्या सीटच्या खाली आहे. ही गोष्ट वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी.

राजगोपाल लहान होता तेव्हा त्याला विषमज्वर झाला. पाऊस इतका होता की जटका, म्हणजे इकडचा टांगा, मिळेना. मी त्याला याच लॉरीत घालून इस्पितळात नेले. अलमेलू त्याला मांडीवर घेऊन बसली होती. पोराला शुद्ध नव्हती, पण डोळे उघडे होते आणि ते डॅशबोर्डावरच्या बारीक दिव्याकडे लागले होते. खड्डा आला की दिवा लुकलुके. दिवा लुकलुकला की पोराची मान पडे, असे तिचे म्हणणे. मी रस्ता पाहत होतो, मी काही पाहिले नाही. तिने तिथेच देवीला नवस केला की पोर जगले तर या गाडीत तुझ्यासमोर दिवा लावीन आणि पोर जगेल तोवर तो विझू देणार नाही.

पोर जगले. आमचा तेव्हाचा ड्रायव्हर नारायणस्वामी, मोठा भाविक माणूस, त्याने मी कामानिमित्त बेजवाड्याला गेलो असताना देवीचा फोटो आणि त्याच्यापुढे तांबडा दिवा बसवला. नवसाचा दिवा चुकूनही बंद होऊ नये म्हणून त्याने त्याला बटण ठेवले नाही. फ्यूजही ठेवला नाही. बॅटरीच्या तोंडाशी तार अडकवली आणि ती सीटखालून, टाकीला घासून, वर फोटोपर्यंत नेली. दिवा म्हणजे तरी काय, दोन बारीक बल्ब शेजारी शेजारी, एक गेला तर दुसरा चालू राहावा म्हणून. तेवढ्यासाठी ती बारीक तार पुरेशी होती. बॅटरी बदलायची झाली की आम्ही आधी दुसरी बॅटरी तारेला जोडत असू आणि मग पहिली काढत असू. हे मी स्वतः हौसेने केलेले आहे. नवसाच्या दिव्याला माझा विरोध कधीच नव्हता आणि आजही नाही.

पुढे राजगोपाल गाडी चालवू लागला आणि त्याला सजावटीचे वेड लागले. तुपाने भरलेली वाटी समोर ठेवली तरी या मुलाला वर साखर हवी असते. पुढे दोन जास्तीचे दिवे, मग दुहेरी भोंगा, मग कॅबिनमध्ये पंखा, मग रेडिओ. प्रत्येक वस्तूला वीज कुठून घ्यायची? त्याने सगळ्याला देवीच्या तारेतूनच फाटे काढले. कारण विचारले तर म्हणाला, ही तार कधी बंद पडत नाही, देवीची आहे. तार मधेच सोलायची, पीळ घालायचा, कापडी पट्टी गुंडाळायची. अलमेलूलाही हे पटले होते. पोराची प्रत्येक नवी वस्तू देवीच्या आश्रयाला येते आहे, यात तिला बरेच वाटे.

त्या वेळी लॉरीवर इंजिनाबरोबर फिरून वीज पुरवणारा तिचा मूळचा डायनॅमो होता. जुना, बेताचा. पंखा, रेडिओ आणि पुढचे दिवे एकदम लावले की त्याला ते झेपत नसे. पुढचे दिवे पिवळे पडत, भोंग्याचा आवाज बसे आणि राजगोपाल शिव्या देत काहीतरी बंद करी. मी शांत झोपत होतो. डायनॅमो दमला की तो सांगत असे, आणि त्याने सांगितले की सगळे ऐकत.

मागच्या वर्षी सुब्बाच्या दुकानात आल्टर्नेटर आला. सुब्बा म्हणजे पुदुपेटेत माझ्या शेडसमोर जुन्या मोटारींचे भाग विकतो तो. कुठल्याशा परदेशी लष्करी गाडीवरचा नग होता आणि वस्तू उत्तम होती, हे मी आजही म्हणतो. डायनॅमोपेक्षा कितीतरी जास्त करंट देणारा, आणि इंजिन मंद फिरत असले तरी देणारा. राजगोपालच्या डोळ्यांत तो भरला. मी म्हटले, आल्टर्नेटर बसव, पण आधी जास्तीच्या सगळ्या वस्तू देवीच्या तारेवरून काढ आणि जाड केबलवर घे, प्रत्येकाला वेगळा फ्यूज दे. सुब्बा सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला की तुळजाजी अजून डायनॅमोच्याच काळात बसला आहे. सगळे हसले. राजगोपालही हसला. सुब्बाविषयीचे कलम वेगळे आहे.

आल्टर्नेटर बसला. ब्रॅकेट नीट बसवले, पट्टा नीट ताणला, आल्टर्नेटरपासून बॅटरीपर्यंतची केबल जाड घेतली, रेग्युलेटर कोरडी जागा पाहून लावला. पोराच्या हातात काम आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या दिवशी त्याने मला हाताला धरून कॅबिनमध्ये बसवले आणि एकेक बटण दाबत गेला.

"अप्पा, बघा. सगळं एकदम लावलं तरी दिवे मंद होत नाहींत," तो म्हणाला.

"म्हणूनच मला भय वाटतें," मी म्हणालो.

त्याला वाटले म्हातारा कुरकुरतो आहे. त्याने मला अँपिअरचा काटा दाखवला. काटा चार्जच्या बाजूला चांगला झुकलेला होता आणि तो पाहून तो खूश होता. तो करंट बॅटरीत जात नव्हता. तो बॅटरीच्या तोंडावरूनच देवीच्या तारेत वळत होता. मी हात सीटखाली घातला. तारेवरचे रबर मऊ लागले, आणि बोटाला चिकटले. मी हात बाहेर काढून त्याच्या नाकाशी धरला. तो म्हणाला, इंजिनाचा वास आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला न विचारता मी देवीच्या तारेला बॅटरीजवळ फ्यूज बसवला. तेव्हा माझे दोन्ही हात चालत होते. चार दिवस काही झाले नाही. मग पूनमल्लीच्या रस्त्यावर त्याने पुढचे दिवे, पंखा, रेडिओ सगळे लावले आणि फ्यूज जळला. फ्यूज जळला म्हणजे त्याने आपले काम केले, पण तेवढे कोणाला सांगणार? देवीचा दिवाही त्याच तारेवर, तोही विझला. राजगोपाल काय झाले ते पाहायला खाली उतरला. चाक पंक्चर दिसले म्हणून जॅक लावला, जॅक सरकला आणि त्याचे पाऊल खाली सापडले. दोन बोटे कायमची गेली.

अलमेलूने मला एकच प्रश्न विचारला, दिवा आधी विझला की पाय आधी सापडला? मी खोटे कसे बोलू? दिवा आधी विझला होता. त्या दिवसापासून या घरात फ्यूज हा शब्द मला उच्चारता येत नाही. राजगोपालने फ्यूजच्या जागी कधी न जळणारा खिळा ठोकला. मी खिळा काढून पुन्हा फ्यूज लावला, त्याने तो शोधून काढला आणि पुन्हा खिळा घातला. मी किल्ली लपवली. त्याने तारेच्या तुकड्याने गाडी चालू केली आणि पेठेला एक फेरी मारून आला, मला दिसावे म्हणून.

आता यातली खरी गोष्ट सांगतो, कारण हा कागद वाचला जाईल तेव्हा मी सांगायला नसेन. दिवा विझला तर मुलगा जाईल, असे त्याच्या आईला वाटते. दिवा असाच ठेवला तर मुलगा जाईल, असे मला वाटते. आम्ही दोघे एकाच जिवासाठी वर्षभर भांडलो आहोत. एका ताटात जेवलो नाही असे कितीतरी दिवस गेले. ती मला निर्दय म्हणाली, मी तिला अडाणी म्हणालो. अडाणी हा शब्द मी इथे परत घेतो. निर्दय हा तिने परत घ्यायचा की नाही ते तिने ठरवावे.

मार्ग मला अर्धांगाने अंथरुणावर पडलो असताना सुचला, आणि तो आमच्याच पद्धतीत होता. बॅटरी बदलताना आम्ही आधी दुसरी जोडतो, तसेच तारेचे करायचे. देवीच्या दिव्यापर्यंत आधी वेगळी नवी तार न्यायची. दिवा दोन्ही तारांवर जळत असतानाच जुनी तार कापायची. मग बाकीच्या वस्तू सावकाश जाड केबलवर घ्यायच्या. दिवा क्षणभरसुद्धा विझत नाही. मी हे अलमेलूला दोन मेणबत्त्या घेऊन समजावले. तिने ऐकले, देवीला कौल लावला, उजवे फूल पडले आणि ती हो म्हणाली. मला वाटले सुटलो.

पण कॅबिनची जमीन आणि डॅशबोर्ड उघडायचे म्हणजे गाडी काही दिवस शेडमध्ये उभी राहणार. आणि राजगोपालने गाडी कबूल करून ठेवली होती. पंगुणी महिन्यात, म्हणजे आपल्या फाल्गुनात, पेठेतल्या देवीची फुलांची पालखी लॉरीवरून निघते. दर वर्षी पालखीच्या लॉरीमागून जनरेटरची गाडी धडधडत जाते आणि पुढे वाजणारे नादस्वरम्, इकडची सनई, ऐकू येत नाही, अशी सगळ्यांची तक्रार असते. राजगोपालने उत्सव कमिटीला शब्द दिला की या वर्षी जनरेटर नको, माझ्या लॉरीच्या आल्टर्नेटरवर देवीची सगळी रोषणाई करून दाखवतो. मोटारीच्या छोट्या बल्बांची त्याने प्रभावळ बनवली आहे. कमळ, दोन मोर, वर सूर्य. वर लाउडस्पीकर. फार सुंदर केले आहे, पाहून माझा ऊर भरून आला. एवढ्या सगळ्याचे टोक कुठे जोडले आहे ते मी विचारले. देवीची रोषणाई देवीच्याच तारेवर, तो म्हणाला.

मी त्याच्यापुढे हात जोडले. डाव्याने उजवा उचलून लावावा लागतो, तसे जोडले. तो नजर चुकवत म्हणाला, "पालखी झाली कीं दुसऱ्या दिवशीं गाडी शेडमध्यें घालतों, अप्पा. शपथ." तो शपथ मोडणारा नाही. दुसऱ्या दिवशी तो खरेच गाडी शेडमध्ये घालील. मला भीती पहिल्या दिवसाची आहे.

पालखी आज संध्याकाळी निघते. पेठेच्या चारही रस्त्यांनी फिरून ती पहाटे परत येते, माणसाच्या चालीने. इंजिन सारा वेळ मंद फिरणार, वारा लागणार नाही, आणि आल्टर्नेटर एकदाही दमणार नाही. दिवे शेवटपर्यंत लखलखीत राहतील, आणि टाकीला घासणारी ती बारीक तार खाली तापत राहील. कोणालाही काही कळणार नाही.

म्हणून माझी इच्छा अशी:

लॉरी राजगोपालला मिळावी. मात्र दिवा न विझवता तार बदलण्याचे वर सांगितलेले काम पुरे झाल्यावर, आणि या कागदाचे साक्षीदार चंद्रमौळी मास्तर यांनी ते डोळ्यांनी पाहिल्यावरच ती त्याच्या नावावर करावी. तोवर ती शेडबाहेर काढू नये. देवीचा दिवा नव्या तारेवर तसाच जळत राहील. तो विझवण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही.

कलम पाचवे. सुब्बा.

लॉरीवरून उतरवलेला जुना डायनॅमो माझ्या शेडमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवला आहे. तो मी सुब्बाला देतो. त्याने तो वितळवू नये, दुकानात समोर टांगून ठेवावा. कोणी गिऱ्हाईक आल्टर्नेटर मागायला आले की त्याला आधी विचारावे, तुझ्या गाडीतल्या तारा कोणत्या काळातल्या आहेत? एवढे केले तर माझा त्याच्यावर राग नाही. नाही केले तर आहे.

कलम सहावे. अलमेलू.

हे कलम कशाच्या वाटणीचे नाही. आज दुपारी जेवताना मी तिला सांगितले की मी पालखीबरोबर लॉरीत बसून जाणार आहे. राजगोपालला मी सांगितले की मरण्याआधी एकदा मुलाने केलेली रोषणाई पुढे बसून पाहायची आहे. तो इतका आनंदला की त्याने माझ्यासाठी सीटवर उशी टाकली. त्याच्या आईला मी खरे सांगितले. बॅटरी माझ्या पायांखालच्या फळीखाली आहे. फळीचे स्क्रू मी काल सैल करून ठेवले आहेत, फळी पायाने उचलली जाते. वास आला, धूर दिसला, तर मी बॅटरीजवळच देवीची तार कापणार. देवीचा दिवा विझेल. तिला माहीत असावे म्हणून सांगितले, परवानगी मागायला नव्हे. पण माझ्या तोंडून परवानगीच मागितली गेली.

तिने ताक वाढले.

मग म्हणाली, "तुमी त्याच्या बाजूला बसा. तार पेटली तर कापा. मी हितं देवीसमोर समई लावून बसतें. तिकडचा दिवा गेला तरी हा राहील. तुमी दोघं येईपर्यंत मी उठणार नाहीं."

एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी एकाच बाजूने लढायचे ठरवले ते आज. तिच्यावर माझे फार प्रेम आहे. वसंतराव हे लिहायला लाजत आहेत, पण मी त्यांना लिहायला लावले.

कलम सातवे. वाचणाऱ्यास.

वसंतराव, इथे थांबा आणि वर पाहा. राजगोपाल समोर बसलेला असेल तर पुढे वाचा. तो लंगडत उठू लागला असेल तर त्याला खाली बसवा आणि पुढे वाचा. तो खोलीतच नसेल, आणि येणारही नसेल, तर मागची सगळी कलमे रद्द समजावी. घर, शेड, शिल्लक, सगळे अलमेलूला देऊन टाकावे, आणि हा कागद तिच्यासमोर आणखी वाचू नये.

कलम आठवे. पक्कड.

राजगोपाल, तू ऐकतो आहेस असे धरून हे लिहिले आहे.

माझी मोठी पक्कड, जिच्या दांड्यांवर मी सायकलच्या ट्यूबचे रबर चढवले आहे, ती तुझी. माझ्या उजव्या हाताने ती पंचवीस-तीस वर्षे वापरली. गेला महिनाभर मी शेडमध्ये बसून डाव्या हाताने तारा कापायचा सराव करतो आहे. तुला वाटले म्हातारा भंगाराशी खेळतो. कधी तार पहिल्या दाबात तुटते, कधी तुटत नाही. आज तुटेल असे मला वाटते.

ती पेटीत शोधू नको, भिंतीवर शोधू नको. ती माझ्या हातात असेल. मूठ घट्ट मिटलेली असली तरी घाबरू नको, बोटे एकेक करून सोडव आणि घे. तुझ्या बापाची तुझ्यावर चीड नव्हती. तुझी रोषणाई सुंदर होती, हे मी जवळून पाहिले.

मग त्याच पकडीने नवी तार ओढायला घे. आधी नवी जोड. मगच जुनी काप.

येणेप्रमाणे सगळे मी सांगितले, ते मला वाचून दाखवले, आणि मी डाव्या हाताने सही केली.

तुळजाजी हंबीरराव गाडेराव

साक्षीदार:
चंद्रमौळी राव, निवृत्त शाळामास्तर, चिंताद्रिपेट
वसंतराव कृष्णाजी पेंढारकर, पेरांबूर रेल्वे कारखाना, हल्ली मुक्काम चिंताद्रिपेट

मुक्काम मद्रास, २२ मार्च १९६७

लेखनिकाची टीप: सहीचे शेवटचे अक्षर फरफटले आहे, ते खाडाखोड समजू नये. सही चालू असताना लॉरी फुलांनी भरून दाराशी आली आणि चिरंजीव राजगोपाल यांनी वडिलांना बोलावण्यासाठी भोंगा वाजवला. शाई वाळेपर्यंत श्री. तुळजाजी थांबले नाहीत. आम्ही दोघा साक्षीदारांनी त्यांना हात देऊन पुढे बसवले. कॅबिनमध्ये देवीचा दिवा चालू होता. घरात समई लागली आहे. — व. कृ. पेंढारकर